सकाळी मतलई, दुपारी खारा: कोकण किनाऱ्यावरच्या वॉरगेमसाठी आरमाराची चाल आणि बंदरांचे नियम

पुण्यात बसून बनवलेल्या शिवकालीन वॉरगेमचा, म्हणजे नकाशावर सोंगट्या मांडून खेळायच्या युद्धखेळाचा, जमिनीवरचा भाग बहुधा चोख असतो. गड, घाटवाटा, रसद, दम लागलेलं घोडदळ, सगळं ट्रेक करून पायाखालून गेलेलं असतं. समुद्र मात्र नकाशावर निळं पठार म्हणून उरतो. गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, घोडदळासारखी सहा घरं पळते, कुठेही वळते, कुठल्याही खाडीत शिरते आणि तिसऱ्या डावात जंजिरा पडतो. चुकतं कुठे, तर जहाजाला चालीचे आकडे दिले जातात, पण वारा, भरती आणि बंदरातली जागा हे तिन्ही विसरले जातात. खालचे नियम या तिघांवर उभे आहेत. जमिनीवरचे नियम तुमचे तुमच्याकडेच राहू द्या.

नकाशा आणि वेळ

एक षट्कोनी घर म्हणजे १० किमी. मुंबई ते पणजी हे उत्तर-दक्षिण अंतर साधारण ३८० किमी, म्हणजे ३९ ओळी. घर दोन सपाट बाजूंमध्ये २ सेंमी ठेवलं की उंची ७८ सेंमी होते आणि नकाशा ए-१ कागदात बसतो. वसई घेण्याचा मोह टाळा. वसई धरली की उंची ८६ सेंमीच्या आसपास जाते आणि ए-१ हातचा जातो. वसई, सुरत आणि गोव्याच्या दक्षिणेकडचा मुलूख यांच्यासाठी कडेला चौकोनी खण काढा. आर्किटेक्चरच्या ड्रॉइंग छापून देणाऱ्या प्लॉटरवाल्याकडून मॅट कागदावर प्रिंट घ्या. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण गुंडाळीचा बाक जात नाही आणि सोंगट्या घसरतात.

षट्कोनाची सपाट बाजू वर, म्हणजे उत्तरेला ठेवा. मग प्रत्येक घराच्या सहा दिशा उत्तर, ईशान्य, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य आणि वायव्य अशा होतात. टोक वर ठेवलं तर पूर्व-पश्चिम मिळते, पण उत्तर-दक्षिण हरवते, आणि कोकणात सगळा प्रवास त्याच रेषेत आहे.

किनाऱ्याची रेघ घराच्या मधून जाऊ द्या, कडेवरून नको. किनाऱ्याचं घर जमिनीचंही आहे आणि पाण्याचंही.

खांदेरी, उंदेरी आणि थळचा किनारा १० किमीच्या एकाच घरात येतात. जंजिरा आणि पद्मदुर्ग यांचंही तेच. या दोन ठिकाणांसाठी १ किमीच्या घरांचा वेगळा छोटा नकाशा कोपऱ्यात काढा, नाहीतर १६७९ ची खांदेरीची लढाई एका सोंगटीवर दुसरी ठेवण्यापुरतीच उरते.

एक खेळ म्हणजे एक पक्ष, प्रतिपदेपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंत १५ दिवस. रोज दोन पाळ्या: सकाळ (६ ते १२) आणि दुपार (१२ ते ६). एकूण ३० पाळ्या. पाळीला सात मिनिटं धरली तर साडेतीन तासांत खेळ संपतो. तिथी लिहिलेली पट्टी नकाशाच्या डाव्या कडेला हवीच. पुढचे अर्धे नियम तिच्यावर चालतात.

वारा

पावसाळा सोडला तर किनाऱ्यालगत सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्राकडून खारा. तांडेल, म्हणजे जहाजावरचे म्होरके, या दोन वाऱ्यांवर घड्याळ लावायचे. खेळात:

सकाळी, किनाऱ्यापासून दोन घरांच्या आत, वारा पूर्वेकडून. उत्तर, दक्षिण, वायव्य, नैऋत्य यांपैकी कुठेही एक घर म्हणजे चालीचा १ गुण. ईशान्य किंवा आग्नेयेला, म्हणजे किनाऱ्याकडे, एका घराला ३ गुण.

दुपारी सगळीकडे, आणि दोन घरांपलीकडच्या खोल समुद्रात दिवसभर, वारा वायव्येकडून. आग्नेय, दक्षिण आणि ईशान्येला १ गुण. उत्तर आणि नैऋत्येला २ गुण. वायव्येला शिडावर जाताच येत नाही.

पाळीच्या सुरुवातीला सगळ्यांसाठी मिळून एकच फासा टाका. १ पडला तर वारा पडला, शिडं निकामी, फक्त वल्ही. २ ते ५ नेहमीचा वारा. ६ पडला तर जोराचा वारा: शिडाला एक गुण जास्त, वल्ही बंद, आणि उघड्यावर नांगर टाकून उभ्या प्रत्येक जहाजासाठी वेगळा फासा. त्यावर १ आला तर नांगर सुटला आणि जहाज वाऱ्याबरोबर एक घर सरकलं. त्या घरात फक्त जमीन असेल तर जहाज गेलं.

वाऱ्याचा बाण नकाशावर ठेवा आणि प्रत्येक पाळीला फिरवा. तो फिरवायचा राहिला की खेळाडू सकाळच्या वाऱ्याने दुपारी चालतात. सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच, आणि ती दोन दिवस मागे गेल्यावर लक्षात येते.

जहाजं

गुराब: शीड ३, वल्ही नाहीत, पाणी २, बंदरात जागा २.
गलबत (वल्ह्यांचं हलकं लढाऊ जहाज): शीड ३ किंवा वल्ही २, पाणी १, जागा १.
शिबाड (मालवाहू जहाज): शीड २, पाणी २, जागा २, माल ४.
मचवा (लहान होडी): शीड २ किंवा वल्ही १, पाणी १, जागा १, माल १, किनाऱ्यापासून एकाच घरापर्यंत.
टोपीकरांचं, म्हणजे युरोपियनांचं, जहाज: शीड ४, पाणी ४, जागा ३.

'शीड' आणि 'वल्ही' म्हणजे एका पाळीत मिळणारे चालीचे गुण. 'पाणी' म्हणजे तरंगायला लागणारी खोली. खरी मापं नव्हेत, तुलनेचे आकडे आहेत.

गुराबीला वल्ही देण्याचा मोह अनेकांना होतो. देऊ नका. गुराबी १५० ते ३०० टनांच्या, नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, समोर मारा करणाऱ्या तोफांच्या. वारा पडला की गलबतं त्यांना दोरानं ओढत नेत. म्हणून नियम असा: त्याच घरातल्या दोन गलबतांनी आपली पूर्ण पाळी खर्च केली तर एक गुराब एक घर सरकते. गलबतांशिवाय गुराबी बाहेर काढणाऱ्याला पहिलाच १ चा फासा हे शिकवून जातो.

गलबताला ४० ते ५० वल्ही असत आणि ते तासाला चारेक मैल जाई. सहा तासांचा हिशेब केला तर जवळजवळ चार घरं होतात, पण त्या वेगानं सहा तास कोणी वल्हवत नाही. म्हणून दोन. वल्ह्यांना दिशेचं बंधन नाही. सलग दोन पाळ्या वल्हवल्यावर तिसरी पाळी विश्रांतीची; तिच्यात हल्ला झाला तर गलबत अर्ध्या ताकदीनं लढतं. उरलेले गुण पुढच्या पाळीत नेता येत नाहीत.

पिण्याचं पाणी वेगळं मोजायचं. गलबतात माणसं खच्चून भरलेली, म्हणून चार दिवस, गुराब आणि शिबाड आठ, टोपीकरांचं जहाज पंधरा, मचवा दोन. प्रत्येक सोंगटीशेजारी तेवढे मणी ठेवा आणि संध्याकाळी एकेक काढा. मणी रविवार पेठेत बोहरी आळीत पसाभर मिळतात. हरभऱ्याची डाळही चालते, मात्र पंख्याखाली नको. मणी संपले की जहाजाची चाल निम्मी, आणि रोज एका फाशावर १ किंवा २ पडल्यास ते शरण.

हे सगळं जुळतं का ते एका प्रवासावर तपासा. विजयदुर्ग ते खांदेरी सुमारे २४ घरं. खांदेरीहून दक्षिणेला गुराब दिवसाला ३ आणि ३, म्हणजे चार दिवसांत विजयदुर्गी. उलट दिशेला सकाळी ३, दुपारी उत्तरेला १: रोज चार घरं, सहा दिवस. शत्रूला टाळण्यासाठी खोल समुद्रातून गेली तर मतलई मिळतच नाही, रोज दोन घरं, बारा दिवस, आणि पाणी आठच दिवसांचं. गलबत सकाळी शिडावर ३ आणि दुपारी वल्ह्यांवर २ असं पाच दिवसांत पोचेल, पण त्याचं पाणी चार दिवसांचं. म्हणजे जयगड किंवा दाभोळ वाटेत आपलं हवंच. ते शत्रूकडे असेल तर तुमच्या आरमाराची लांबी तिथेच संपते.

भरती आणि खाडीचं तोंड

कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, दशमीला साडेसात वाजता, आणि साधारण बारा तासांनी पुन्हा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, पण सहा तासांच्या पाळीत तो फरक बुडून जातो.

हा हिशेब पाळ्यांवर बसवला की नियम तीन ओळींचा होतो. तिथी १ ते ७: दिवसाची भरती दुपारच्या पाळीत. तिथी ९ ते १४: सकाळच्या पाळीत. अष्टमीला भांग, भरती सहाच्या सुमाराला आणि पाणी जेमतेम चढतं, म्हणून दोन्ही पाळ्या ओहोटीच्या धरा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि उधाणाची, म्हणून दोन्ही पाळ्या भरतीच्या. खरं मोठं उधाण एक-दोन दिवस मागाहून येतं. तेवढी सूट घेतली आहे.

आता हे वाऱ्याशी जोडून पाहा. खाड्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. बंदरात शिरायला सकाळी मतलईविरुद्ध ३ गुण लागतात, दुपारी १. बाहेर पडायला सकाळी १, दुपारी २. पक्षाच्या पहिल्या आठवड्यात भरती आणि खारा वारा दोन्ही दुपारी, म्हणजे जड जहाजं आत येणं सोपं आणि बाहेर काढणं अवघड. दुसऱ्या आठवड्यात भरती आणि मतलई दोन्ही सकाळी, म्हणजे बाहेर पडणं सोपं आणि आत शिरणं अवघड. हल्ल्याची तिथी ठरवताना खेळाडू पंचांग उघडून बसतात, आणि तिथे नियम कामाला लागला असं समजायचं.

प्रत्येक बंदराला खोलीचा आकडा द्या. मुंबई आणि गोवा ४. विजयदुर्ग आणि जयगड ३. दाभोळ, बाणकोट, रेवदंडा आणि मालवण २. कुलाबा १, कारण ओहोटीला अलिबागहून किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. जहाजाची गरज खोलीइतकी किंवा कमी असेल तर कधीही जा-ये. एकानं जास्त असेल तर फक्त भरतीच्या पाळीत. दोननं जास्त असेल तर शिरायचंच नाही. म्हणजे टोपीकरांचं जहाज विजयदुर्गात भरतीला शिरू शकतं, दाभोळात कधीच नाही.

शिरलेलं जहाज ओहोटीला आतच राहिलं तर ते गाळावर बसलं. पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही, तोफा एकाच बाजूला चालतात. गुराब-गलबतांना याचा त्रास नाही. टोपीकरांच्या जहाजासाठी फासा टाका, १ आला तर तळाला एक इजा.

मालवणला आणखी एक अट: सिंधुदुर्गाभोवती खडक आहेत, म्हणून मराठ्यांखेरीज कोणाचंही जहाज शिरताना फासा टाकतं, १ किंवा २ म्हणजे खडकावर. किनाऱ्यावरचा वाटाड्या मचव्यासकट पकडला असेल तर ही अट जाते. किल्ल्यात दूध बाव, दही बाव आणि साखर बाव या गोड्या विहिरी आहेत, तेव्हा वेढा पडला तरी इथे पाण्याचे मणी भरता येतात.

बंदरात गेल्यावर

बंदरातली जहाजं नकाशावर ठेवू नका. कडेला प्रत्येक बंदराचा खण काढून त्यात ठेवा. खणात शिरलं की त्या पाळीची चाल संपली. पाणी भरायला एक पूर्ण पाळी. इजा काढायला खाडीच्या बंदरात दोन दिवसांना एक, जहाज ओहोटीला कोरडं करून. वाघोटण खाडीत खडक खोदून केलेली गोदी आहे, म्हणून विजयदुर्गाला एका दिवसात एक इजा, एका वेळी एकाच जहाजाची.

खणातली जागा: विजयदुर्ग १६, मुंबई २०, दाभोळ आणि जयगड १०, रेवदंडा ८, बाणकोट आणि मालवण ६, कुलाबा ४. भरल्यावर उरलेल्यांनी बाहेर उघड्यावर नांगर टाकायचा आणि वाऱ्याच्या ६ ची भीती बाळगायची.

जागा अर्ध्याहून जास्त भरली असेल तर आगीचा नियम लागू. तोफेनं किंवा गरनाळीच्या गोळ्यानं एक जहाज पेटलं की खणातल्या प्रत्येक जहाजासाठी फासा टाका. १ ते ३ आला तर तेही पेटलं. अर्ध्याहून कमी भरलेल्या खणात फक्त १ वर. नियम क्रूर वाटतो, पण १२ फेब्रुवारी १७५६ ला विजयदुर्गात हेच झालं. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉट्सनच्या आरमाराच्या माऱ्यानं एक जहाज पेटलं, आग शेजारून शेजारी गेली आणि आंग्र्यांचं दाटीनं उभं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. हा नियम नसेल तर सगळं आरमार एका भक्कम किल्ल्याखाली कोंबणं हीच शहाणी चाल ठरते आणि खेळ तिथेच थिजतो.

तटस्थ बंदरात मोहरा देऊन पाणी आणि दुरुस्ती मिळते. मालकाच्या संमतीनं राहता येतं, पण राहू देणाऱ्यावर दुसऱ्या पक्षाला युद्धाचं कारण मिळतं. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईत आसरा घेई, आणि मुंबईच्या तोंडावरची खांदेरी ताब्यात घेण्यामागे हेही होतं.

नाकेबंदी

नाकेबंदी करणाऱ्या जहाजांनी बंदराच्या लगतच्या समुद्राच्या घरात, उघड्यावर उभं राहायचं. जमिनीवरच्या खेळातला 'शेजारच्या घरात आला की थांबलाच' हा नियम समुद्रावर आणू नका. समुद्रात थांबवावं लागतं.

निसटणारा दोन फासे टाकतो. ७ किंवा जास्त आलं की पार. गलबत किंवा मचवा असेल तर १ मिळवा. रात्री निघाला तर २ मिळवा. शुद्ध दशमी ते वद्य चतुर्थी चांदणं असतं, त्या रात्री १ वजा. नाकेबंदीतल्या प्रत्येक जहाजामागे १ वजा, जास्तीत जास्त ३. हुकलं तर लढाई. रात्रीची चाल ही जादा पाळी आहे: फक्त वल्ह्यांवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जहाज हलत नाही.

आकडे १६७९ कडे पाहून बसवले आहेत. खांदेरीवर मराठ्यांनी तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रज जहाजं पहारा देत होती, तरी लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून थळहून बेटावर सामान पोचवत राहिल्या. मोठी जहाजं वारा नसला की जागची हलत नव्हती. १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराच्या दौलतखानाच्या साठेक होड्यांनी आठ इंग्रजी जहाजांवर हल्ला केला, 'डव्ह' हाती लागली, आणि 'रिव्हेंज' मात्र लढत टिकली. हा डाव मांडताना एक सोंगटी म्हणजे चार होड्या धरा: मराठ्यांना १५ गलबतं, इंग्रजांना आठ वेगवेगळ्या सोंगट्या. छोट्या नकाशावर घर १ किमीचं असल्यानं एक पाळी म्हणजे एक तास आणि चाल तीच ठेवा. तासाभरात त्याहून जास्त अंतर कापता येतं हे खरं, पण खडक आणि तोफांच्या माऱ्यात तेवढंच बरं.

पावसाळा

अनेक वर्षांची मोहीम खेळणाऱ्यांसाठी: ज्येष्ठ लागला की समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला उघडतो. बंद काळात प्रत्येक जहाजाला खाडीच्या आतली जागा हवी. कुलाबा आणि बाहेरचे उघडे नांगर धरले जात नाहीत, मालवणची जागा निम्मी. जागा न मिळालेल्या प्रत्येक जहाजाला फासा. १ ते ४ म्हणजे गेलं. नारळी पौर्णिमेनंतर दसऱ्यापर्यंत जोराचा वारा ५ वरही येतो.

त्यामुळे वैशाखातच हिशेब करा. विजयदुर्गाच्या १६ जागांत आठ गुराबी बसतात, मग गलबतांना बाणकोट-दाभोळकडे धाडावं लागतं, आणि तिथवर जायला सकाळच्या मतलईचे दिवस शिल्लक हवेत. वैशाख अमावास्येला आरमार बाहेर असलेला खेळाडू पुढच्या वर्षी जमिनीवरच खेळतो.